तुझ्या लेकाचा मांडव

माय, तुझ्या लेकाचं लग्न झालं. चांगलं झालं. लाइट गेली नाही, वरण-बट्टी शेवटच्या पंगतीपर्यंत पुरली, मुलीकडची माणसं खुशीत पाचोऱ्याला परत गेली. आज दुपारी मंडपवाल्यांची माणसं दारचा मांडव सोडायला आली आहेत. बाहेर बांबू पडल्याचे आवाज येताहेत आणि मी स्वयंपाकाच्या ओट्यावर त्यांच्यासाठी चहा टाकलाय. तुझे जावई दाळ मिलमध्ये गेले, लेकाच्या लग्नाने दमलेले नाना आतल्या खोलीत झोपलेत, नवरा-नवरी देवदर्शनाला गेली. इतके दिवस घर पाहुण्यांनी भरलेलं होतं आणि मला रडायला कोपरा नव्हता. आता सगळं घर मोकळं आहे तर रडू येत नाही. म्हणून इथंच तुला लिहायला बसले.

लग्न ठरलं तेव्हापासून मी एकटीच धावत होते असं नाही, पण ठरवायचं सगळं माझ्यावर आलं. लॉन बघायचं, आचारी बघायचा, बँडवाले, फोटोवाले, घोडा हवा की नको. ज्याच्याकडे जावं त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: तुम्ही मुलाच्या कोण? पहिल्यांदा मी नीट सांगायचे, की मी मोठी बहीण, आई नाही त्याला, तो लहान होता तेव्हाच गेली. मग समोरचा माणूस चेहरा पाडायचा, पाण्याचा ग्लास पुढे करायचा आणि कामाचं बोलणं तिथंच अडायचं. आचाऱ्याने विचारलं, "वांग्याची भाजी कितपत तिखट करू? मुलाच्या आईला विचारून सांगा." मी म्हटलं, "चांगली झणझणीत करा, भाऊ. मीच त्याची आई." तोंडातून निघून गेलं. त्याने मान हलवली आणि पुढचं विचारलं. त्यानंतर मी सगळीकडे तेच सांगत गेले. सोपं होतं. तुला राग आला असेल का, याचा विचार मी स्कुटीवर बसल्यावर करायचे.

आणि खोटं तरी कुठं होतं पूर्ण? तू गेलीस तेव्हा तो नुकता बसायला लागला होता. उशी टेकवून ठेवली की बसायचा आणि हळूच एका बाजूला कलंडायचा. माझी शाळा सुटली ती सुटलीच. माझं लग्न ठरलं तेव्हा मी बघायला आलेल्या लोकांना सांगितलं होतं, की माझ्याबरोबर हाही येईल. दोन ठिकाणांनी हसून नकार दिला. तुझे जावई मात्र त्याला मांडीवर घेऊन बसले आणि म्हणाले, "याला पोहायला शिकवू." धुळ्याहून जळगावला मी पेट्या घेऊन आले तेव्हा हातात त्याचं बोट होतं. आम्हाला मूल झालं नाही. त्याची उणीव कधी भासली नाही, असं मी लोकांना सांगते.

मंडपाच्या कापडाचं काम मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. कारण तुला माहीत आहे. धुळ्याच्या आपल्या घरात स्वयंपाकघर आणि तुझं मशीन एकाच खोलीत होतं. मंडपवाल्यांकडून सॅटिनचे तागे यायचे आणि तू त्यांच्या झालरी शिवायचीस. गुलाबी, पिवळ्या, पोपटी. लग्नसराई जवळ आली की ते कापड खोलीभर पसरायचं. चुलीची ठिणगी उडू नये म्हणून तू भाकरी थापताना मला ताग्यांपाशी बसवायचीस, आणि मी त्यात लोळते म्हणून ओरडायचीस. "वऱ्हाडाच्या डोक्यावर जाणार शे ते, पाय लावू नको!" मला अजून ते दिसतं. तू पायाने मशीन चालवतेस, डाव्या हाताने चुण्या सरकवतेस, मध्येच थांबतेस आणि छातीवर हात ठेवून दम घेतेस. मला वाटायचं, शिवताना सगळ्यांनाच दम लागतो.

जळगावच्या डेकोरेशनवाल्याचं गोडाऊन मोठं आहे. तिथं आता नेट, टिश्यू, मखमल, काय काय. मालक पोरसवदा, पण बोलायला गोड. त्याने एकेक कापड खांद्यावर टाकून दाखवलं. "ताई, स्टेजला मागे पांढरा पडदा, वर डाळिंबी रंगाच्या पट्ट्या. फोटो एक नंबर येतात." मी तुझ्या लेकाला बरोबर नेलं होतं. रंग त्याच्या आवडीचा घ्यावा म्हणून. तो एकाही कापडाला हात लावेना. मालकाने विचारलं, "दारातल्या मांडवाचं काय करायचं? हळदीला तर घरीच लागेल ना?" तेव्हा तो म्हणाला, "घरी मांडव नको. हळदही नको. लॉनवरचंही कमी करा. खरं म्हणजे रजिस्टर केलं तरी चालेल." आणि तो बाहेर निघून गेला.

मी मालकाला हात जोडून त्याच्यामागे गेले. रस्त्यापलीकडे रसवंती होती. तो तिथल्या बाकावर बसलेला. मी दोन ग्लास सांगितले. मशीनला बांधलेले घुंगरू वाजत होते, त्यामुळे तो काय बोलतोय ते मला पहिल्यांदा ऐकूच आलं नाही. मी म्हटलं, "काय रे? मोठ्यानं बोल." तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "अक्का, माझ्या कार्यात मांडव घालून, हळद लावून मिरवायला मला लाज वाटते. आत्या म्हणायची, हा पोटात आला म्हणून आई गेली. आईला खाऊन जन्माला आला म्हणायची. मी ओट्यावर खेळत असायचो आणि ती बायकांना सांगायची. खरं आहे ना ते?"

माय, इतकी वर्षं हा मुलगा माझ्या हातचं जेवला, माझ्यासमोर शिकला, पाइप कंपनीत नोकरीला लागला, आणि हे एवढं मोठं तो एकटा घेऊन फिरत होता. मी म्हटलं, आत्या काहीही बोलते. तो म्हणाला, "डॉक्टरांनी नाही म्हटलं होतं ना तिला? हृदयाचं दुखणं होतं, बाळंतपण झेपणार नाही म्हणून?" मी म्हटलं, हो. खोटं कसं बोलणार, नानांनीच त्याला कधीतरी सांगितलं असेल. मग तो ग्लास दोन्ही हातांत धरून बसला आणि विचारलं, "मग तिला मी हवा होतो का?"

तो दिवस तुला आठवत असेल. धुळ्याच्या दवाखान्यातून आपण घरी आलो होतो, तू, नाना आणि मी. डॉक्टर म्हणाले होते, हृदयाची झडप आकसली आहे, गर्भ काढायला अजून वेळ आहे, काय ते लवकर ठरवा. ठरवलं दुसऱ्यांनीच. आत्या गावाहून आली होती, ती म्हणाली, "इतक्या वर्षांनी देव देतोय, मुलगा असला म्हणजे?" नाना ओट्यावर बसून राहिले. ते हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. तू आत आलीस, परातीत पीठ घेतलंस, पाणी घातलंस आणि हात तसाच पिठात ठेवून बसून राहिलीस. मी तुझ्याजवळ सरकले. तू मला म्हणालीस, "माले हाई नको व्हतं, बाई. माले भ्याव वाटस." मी चौदा वर्षांची. तुलाही भीती वाटते, हे मी पहिल्यांदाच ऐकलं. मग तू डोळे पुसलेस. गालाला पीठ लागलं. म्हणालीस, "कोणले सांगू नको." आणि भाकरी थापायला घेतलीस.

मी कुणाला सांगितलं नाही. आणि रसवंतीच्या बाकावर मी तुझ्या लेकाला सांगितलं, "हवा होतास म्हणजे काय? डॉक्टरांनी नाही म्हटलं तरी ती ऐकेना. घरी येऊन मला म्हणाली, माले हाई लेकरू पाहिजे, मंग काय व्हई ते व्हवो." तुझ्या आवाजात सांगितलं. तुझ्यासारखी मान हलवून. बोलताना मला भीती वाटली, की त्याला कळेल. पण तो तुझा आवाज कुठं ओळखतो? ऐकला तेव्हा तो जेमतेम बसायचा. त्याने विचारलं, "असंच म्हणाली?" मी म्हटलं, "अगदी असंच." मग त्याने ग्लास खाली ठेवला, तोंड फिरवलं आणि लहान असताना रडायचा तसा रडला. रसवाल्याने मशीन थांबवलं. मी त्याच्या पाठीवर हात फिरवत राहिले आणि मनात तुझी माफी मागत राहिले. तुझं एवढंसं खरं होतं, तू फक्त मला दिलेलं, आणि मी त्याच्यावर दुसरंच काही शिवून टाकलं.

एक सांगते. मी अगदीच हवेतून बोलले नाही. तो झाल्यावर तुला उचलवत नव्हता, तर तू त्याला मशीनच्या पायाशी सॅटिनच्या तुकड्यांवर निजवायचीस. एकदा मी पाणी भरून आले तर तू खाली वाकून त्याच्या टाळूचा वास घेत होतीस. मला बघून सरळ झालीस, जणू चोरी पकडली. त्या वेळी तुला तो हवा होता का? मी विचारायला पाहिजे होतं. पण तेव्हा मला वाटायचं, विचारायला पुष्कळ दिवस आहेत.

आम्ही परत गोडाऊनमध्ये गेलो. तोंड धुऊन त्याने स्वतः रंग निवडले. दारच्या मांडवाला त्याने पिवळं कापड सांगितलं आणि मालकाला म्हणाला, "झालर आमची असेल. आमच्या घरी शिवतात." मालक माझ्याकडे बघायला लागला. मी कुठली शिवणारी? पिको-फॉलच्या पलीकडे माझी मजल नाही. पण मशीन तुझंच आहे, ते मी धुळ्याहून आणलं होतं. त्याने तेल घातलं, पट्टा बदलून आणला आणि रविवारी दोघं बसलो. तो कापडाचं टोक धरून खोलीच्या दारापर्यंत जायचा आणि मी चुण्या घालायची. एक चुणी जाड, एक बारीक. दोनदा उसवलं. तो म्हणाला, "अक्का, आईची कशी यायची?" मी म्हटलं, "आईची एकसारखी यायची. पाण्यावर लाटा येतात ना, तशी." तो म्हणाला, "मग ही आपली. ही आपल्यासारखी येऊ दे." आणि हसला. हसताना त्याचा डावा गाल दुमडतो, तुझा दुमडायचा तसा. हे मला त्याला कधीच सांगता आलं नाही. त्या दिवशी सांगितलं. तो उठून आरशापुढे गेला आणि बराच वेळ हसून बघत राहिला.

हळदीला आत्या आली. आता पार वाकली आहे, दोघांनी धरून रिक्षातून उतरवावी लागली. मांडवात खुर्चीवर बसवलं तर वर बघून म्हणाली, "झालर कोणी शिवली? वाकडी शे." मग तुझ्या फोटोकडे नजर गेली आणि पदराने डोळे पुसायला लागली. "बिचारी. लेकाचं काहीच पाहिलं नाही." मी ठरवून ठेवलं होतं, की तिला बाजूला घेऊन बोलायचं. मी तिच्याजवळ खाली बसले आणि म्हटलं, "आत्या, त्याच्या लहानपणी तुम्ही म्हणायचात, हा आईला खाऊन आला. आज, उद्या, परत कधी हा शब्द तोंडातून काढू नका." ती म्हणाली, "मी? असं मी कव्हा म्हटलं? माझ्या भावाचा एकुलता एक लेक शे तो. मी असं म्हणीन?" तिला खरंच आठवत नव्हतं. माय, मी तिच्या डोळ्यांत बघितलं, ती खोटं बोलत नव्हती. तेवढ्यात तो आला, तिच्या पाया पडला, आणि तिने त्याच्या दोन्ही गालांना हळद लावून बोटं मोडली. मी कुणाशी भांडणार होते? म्हणणारी विसरून गेली. ऐकणाऱ्यानेच सगळं सांभाळून ठेवलं.

देवक बसवताना गुरुजींनी विचारलं, पूजेला कोण बसणार. काकांच्या सूनबाई म्हणाल्या, आम्ही जोडीने बसतो, नाना एकटे आहेत. नाना क्वचित बोलतात हल्ली. ते म्हणाले, "मीच बसणार." गुरुजी समजूतदार होते. त्यांनी एक सुपारी दिली आणि म्हणाले, "कमरेला खोचा नाना. पत्नीच्या जागी." नानांनी ती धोतराच्या निरीत खोचली. पूजा चालू असताना त्यांचा हात दर थोड्या वेळाने तिकडे जायचा. पडली तर नाही ना, बघायचे. मी मागे उभी होते. मला वाटलं, जन्मभर तुझ्याकडे एवढं लक्ष दिलं असतं तर. असं वाटायला नको होतं अशा दिवशी, पण वाटलं.

पूजा आटोपल्यावर गुरुजी म्हणाले, सुपारी आता काढून ठेवा, नंतर पाण्यात सोडा. नाना माझ्या आधाराने उठले, आतल्या खोलीत आले, दार लोटायला सांगितलं. सुपारी तळहातावर घेऊन बसले. म्हणाले, "तेव्हा तिला विचारलंच नाही मी. ओट्यावर बसून राहिलो. मला वाटलं, आत माझी बहीण बोलतेय, तिलाच ठरवू दे." मग ते म्हणाले, "तुला काही म्हणाली होती का गं ती?" माय, एकाच लग्नात दोघांनी मला तेच विचारलं. लेकाला मी खोटं सांगितलं होतं. नानांनाही तेच सांगता आलं असतं, त्यांचे थोडे दिवस सुखाचे गेले असते. पण ते माझ्याने होईना. खरंही सांगवेना. मी म्हटलं, "चला नाना, पाहुणे थांबलेत." त्यांनी मान हलवली. सुपारी सदऱ्याच्या खिशात ठेवली. पाण्यात सोडली की नाही, मी विचारलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी लॉनवर अंतरपाट धरला तेव्हा मी करवली म्हणून त्याच्या मागे उभी होते, हातात पाण्याचा कऱ्हा. या वयात करवली! बायका हसत होत्या. मंगलाष्टकं चालू झाली. समोर त्याची पाठ, फेट्याचा शेमला, मानेवर हळद राहिलेली. पलीकडून पोरीच्या बांगड्यांचा आवाज. चांगली मुलगी आहे, शाळेत शिकवते, मला पहिल्या दिवसापासून अक्का म्हणते. सगळे अक्षता टाकत होते. माझे हात अडकलेले, म्हणून मी नुसती बघत होते.

आता जे सांगायचं ते सांगते. तू गेल्यानंतर कितीतरी वर्षं मी देवाशी सौदा करायची. त्याला दूध पाजताना, त्याची दुपटी धुताना, त्याला ताप आला की डोक्यावर पट्ट्या ठेवताना. मी म्हणायची, देवा, याला परत घे आणि माझी माय दे. याला मांडीवर घेऊन म्हणायची. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मोठी झाले तसं रोज म्हणणं थांबलं, पण आत ते होतंच, मला माहीत होतं. त्या दिवशी अंतरपाट खाली आला, त्याने हार घातला, आणि मागे वळून गर्दीत मला शोधलं. मी त्याच्या अगदी मागेच होते तरी शोधलं. आणि माझ्या लक्षात आलं, की आता मला देवाने विचारलं, बोल, दोघांतलं कोण देऊ, तर मी तुझं नाव घेणार नाही.

चहा उकळून आटला. बाहेरून माणसं हाक मारताहेत. माय, मी त्याचंच नाव घेईन.